कोमट तेल

माझा उजवा कान वर्षभरापासून रातकिड्यासारखा वाजतो. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, सवय करून घ्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या म्हाताऱ्याचाही कान वाजतो, असं कळलं होतं. नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी तो ओट्यावर बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा होतो. लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल ती आधी आपल्या मनगटावर टाकून बघते, मग हळूच त्याच्या कानात सोडते. तो मांजरासारखे डोळे मिटतो.

हा बरा होणार आणि मी वाजत बसणार, या विचाराने माझा जळफळाट व्हायचा. मीही तेल कढवलं. पण बायको नातवाला सांभाळायला पुण्याला. एकट्याने टाकताना अर्धं मानेवर ओघळायचं.

परवा त्याची बायको आत गेलेली पाहून विचारलं, "काहो, थांबला काय आवाज?"

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "थो तं तेल सुरू कराच्या आंधीच थांबला होता जी. तिले सांगू नका."

माझ्या अंगाची आग आग झाली. घरी येऊन पुण्याला फोन लावला.

"कान कसा आहे?" बायकोने विचारलं.

"आवाज लय वाढला," मी म्हटलं. "तू येऊनच पाह."