गुंडी फिरली का?

कॅमेरा कोणाच्याही हातात असो, मामांचं बोट आधी वरच्या डाव्या गुंडीवर जायचं. "रीळ पुढं ओढलं की ही फिरली पायजे. न्हाई फिरली, तर सगळी मेहनत बेकार."

परभणीत स्टेशन रोडला त्यांचा स्टुडिओ होता. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरातले लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेत.

नामांतराच्या दिवसांत आम्ही तिघं चळवळीसाठी कॅमेरा घ्यायला गेलो. पत्रकांतून अन्याय लिहून हात दुखले होते, आणि अधिकारी विचारायचे, पुरावा कुठंय? मला काचेच्या कपाटातला मोठा, फ्लॅशवाला हवा होता. मामांनी पुढ्यात एक जुना, लहानसा ठेवला.

"वर्गणीचे पैसे बघून हलकं मशीन देता काय?" मी तडकलो.

"रोज वापरायचंय ना, साहेब? मोठं मशीन लांबून दिसतंय. दिसलं की हिसकून घेतेत. हे शबनम पिशवीमधी ऱ्हातंय. बिघडलं तर मी बसलोय."

महिनाभरातच एका गावात आमच्या लोकांच्या वस्तीतली चार घरं जाळली. पंचनाम्यात लिहिलं, चुलीची ठिणगी उडाली. चार घरं, चार गल्ल्या आणि ठिणगी एकच! मी संतापात अख्खं रीळ संपवलं.

मामा ते धुऊन बाहेर आले. रीळ कोरं होतं.

"मशीनच फालतू दिलंत!"

"गुंडी बघितली होती का?"

बघितली नव्हती. घाईत भरलेलं रीळ दात्यांत अडकलंच नव्हतं.

"राख हाय का अजून जाग्यावर?"

"उद्या उचलणारेत."

त्या दिवशी त्यांना साखरपुड्याचं काम होतं. त्यांनी भरदुपारी शटर ओढलं. "चला, एसटी हाय." गाडीत त्यांनी मलाच रीळ भरायला लावलं. एकदा नव्हे, तीनदा.

वस्तीच्या तोंडाशी गावचे मालक पाच-सहा माणसं घेऊन उभे होते.

"मामा, तुमी? आमच्या पोरीच्या लग्नाचे फोटू काढणारे तुमी, आन् आज ह्यांच्या संगं?"

"लग्न होतं तवा लग्नाचे काढले, मालक. आता घरं जळालीत."

"पुन्हा आमची पायरी चढायची न्हाई."

"बरं."

मामा जागचे हलले नाहीत. माणसं पुढं सरकली. मामांनी दोन्ही हात पसरले आणि मागं न बघता मला एवढंच म्हणाले, "गुंडी."

फिरत होती.

ते फोटो पुढं ठेवल्यावर पंचनामा पुन्हा करावा लागला. पण त्या लग्नसराईत मामांना त्या गावातून बोलावणं आलं नाही, मग शेजारच्या गावांतूनही नाही. वर्षाच्या आत स्टुडिओला कुलूप लागलं. ते लेकीकडं गेले, तिथंच वारले. मामा कुठं गेले, हे तुम्ही कोणी विचारलं नाही. पत्रकं वाटत फिरणाऱ्या मीही उशिराच विचारलं.

जिल्हाभराचे फोटो काढणाऱ्या या माणसाचा स्वतःचा फोटो कोणाकडंच सापडला नाही. माझ्याकडं मात्र एक आहे. त्या रिळातला पहिलाच. जळकं घर त्यात अर्धंच आलंय, अर्ध्यात मामांची पाठ. तेव्हा वाया गेला म्हणून मी चरफडलो होतो.


तोच जपून ठेवलाय.