न्यूझीलंडला न्यायचे स्वेटर

आज कपाट आवरताना डांबरगोळ्यांचा वास आला, खाली मुलींचे दोन चिमुकले स्वेटर निघाले आणि मे महिन्यातली ती दुपार आठवली.

हे ओझरला वेल्डर होते. हातात कसब होतं, सर्टिफिकेट नव्हतं. "इथं कागद कोण विचारतो? पोरींना घेऊन ये," असं न्यूझीलंडहून मोठे दीर म्हणाले, म्हणून ह्यांनी नोकरी सोडली. त्या दुपारी दिरांचा फोन आला, "सर्टिफिकेटशिवाय नाही जमायचं रे." मुली नवे स्वेटर घालून घामाघूम नाचत होत्या. मी ह्यांच्यावरच ओरडले, "शिकला असतात तर!" ह्यांनी मुलींचे स्वेटर उतरवून त्यांच्या घड्या घातल्या.

वर्षभरात दिरांनी स्वतःच्या दहावी नापास मेहुण्याला बायकामुलांसकट तिकडे नेलं. दिरांशी मी बोलणं सोडलं. ह्यांची माफी मागायची मात्र अजून राहिली आहे.