दुपारी चारची पलटण

दार मोडून आत पडलं तेव्हा म्हातारी देवघरासमोर उभी होती. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. घर गॅसने भरलेलं. आतल्या खोलीत खाटेवर तिची तीन वर्षांची नात झोपलेली. म्हातारीला ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी सर्दीने नाक बंद होतं म्हणून वासही येत नव्हता. आम्ही तिघं उंबऱ्यात, हातात मुसळ. तिच्यापर्यंत आठ-दहा पावलं होती आणि आमच्या तिघांत मिळून धड गुडघा एक. ओरडून उपयोग नव्हता.

हे समजायला आधी टीव्हीचं सांगावं लागेल.

आमची इमारत बिबवेवाडीत, चार मजल्यांची. सकाळी आठला कंपन्यांच्या गाड्या फाटकाशी येतात आणि कमावती माणसं कॉम्प्युटरपुढे बसायला निघून जातात. ती दिवेलागणीनंतर परततात. मधल्या वेळात इमारतीत म्हातारी माणसं, लहान पोरं आणि वॉचमन. माझी सून कंपनीच्या कामाला सहा महिने विलायतेत होती. येताना तिने एका जुन्या इंग्रजी सिरियलच्या सीड्या आणल्या. तिच्या तिथल्या घरमालकिणीने दिल्या होत्या. सिरियल माझ्या मुलाच्या जन्माआधीची. तिकडे म्हणे अजून लागते आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसून बघतात.

गोष्ट महायुद्धातली. तरणी माणसं लढाईवर गेलेली. मागे राहिलेले म्हातारे, अधू, चष्मेवाले गावाची राखण करतात. शत्रू समुद्रापलीकडे तोफा घेऊन बसलाय आणि यांच्याकडे धड बंदूक नाही. कवायत चुकते, भांडणं होतात, मानापमान तर विचारू नका.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी मला गाडीवरच्या पाट्यांपुरतं. तरी पहिल्याच दिवशी हसू फुटलं. मग दुपारी चारला माझ्याकडे चौघं जमायला लागलो. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे मास्तर. शेजारचे बँकेतले हेडक्लार्क, त्यांना इंग्रजी येतं. आणि वरची, तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी. ती अमरावतीकडची, मुलाला इथे नोकरी लागली म्हणून आलेली. हेडक्लार्क वाक्याचा अर्थ सांगायचे तोवर ती हसून मोकळी झालेली असायची. ऐकू न येता.

"अहो, मी अजून सांगितलंच नाही," हेडक्लार्क चिडायचे.

"तुम्ही सांगितल्यावर हसू जातं," मी म्हणायचे.

एकदा हसताना त्यांचा चहा सुनेच्या गालिच्यावर सांडला. तेव्हापासून मास्तरांनी शिस्त लावली. सीडी सुरू व्हायच्या आधी ते टीव्हीपुढे उभे राहून तळहात वर करत. हात वर झाला की ज्याने त्याने हातातलं खाली ठेवायचं, उठून सावधान उभं राहायचं आणि मगच बसायचं. पोरकटपणा होता, कबूल. वरची म्हातारी ते सगळ्यांत झकास करायची. कप खाली, टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले. बाकी जगात तिला सगळे खुणा करून दटावायचेच. ही एक खूण तिची आवडती.

मुलगा म्हणायचा, "आई, म्हाताऱ्यांची टर उडवलीय त्यात. तुम्हाला काय आवडतं?"

"तू शेवटपर्यंत बघितलीस?"

"नाही."

"मग बोलू नकोस."

मी शेवटपर्यंत बघितली होती. त्या म्हाताऱ्यांना जो तो हसतो, आपणही हसतो. पण शत्रू खरंच आला असता तर ते पळाले नसते, हे प्रत्येक भागात दिसतं. ते भ्यायलेले असतात आणि उभे असतात. तिकडे लोकांना ती इतकी वर्षं का पुरते असं सून विचारायची. मला त्यात कोडं वाटलं नाही. घराघरांत असं एखादं माणूस असतं, ज्याला सगळे गृहीत धरतात.

त्या दिवशी वरची आली नाही. नातीला ताप होता. सीडी संपली, मास्तर निघाले आणि जिन्यातून परत आले.

"बाई, गॅसचा वास येतोय. वरून."

गॅस जड, तो खाली उतरतो. आम्ही वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर तिच्या दारापाशी वास असा की डोळे चुरचुरले. हेडक्लार्कांचं बोट बेलच्या बटणाशी गेलं. मी त्यांच्या हातावर फटका मारला. चांगला जोरात.

"अहो, हे काय!"

"बेल वाजवायची नाही. ठिणगी पडेल."

तिला ऐकू येत नाही म्हणून तिच्या मुलाने बेलला आत दिवा जोडला होता. बटण दाबलं की खोलीत बल्ब लागायचा. एवढी सोय आणि तीच आता मारायला बसलेली.

मला हे कळलं कारण नवरा गेल्यावर मी त्याच्या जागी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. दारू भरायच्या खात्यात एकवीस वर्षं काढली. फाटकावर रोज झडती. काडेपेटी नाही, बांगडी नाही, केसातला आकडासुद्धा नाही. पायात कापडी चपला, हत्यारं लाकडाची नाहीतर पितळेची. लोखंडावर लोखंड आपटू द्यायचं नाही हे माझ्या हाडात मुरलंय.

आतून कडी होती. दूध उतू जाऊन शेगडी विझली असणार आणि ती नातीजवळ आडवी झाली असणार. मास्तर दार ठोठावणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. हादऱ्याने ती उठली तर?"

"उठायलाच हवी ना?"

"उठल्यावर पहिलं काय करते ती?"

मास्तरांनी हात मागे घेतला. साडेसहा होत आले होते. उठली की तोंड धुवून देवापुढे दिवा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

वॉचमन पहार घेऊन धावत आला. मी त्याला पहारीसकट खाली हाकललं. "ती ठेव, मीटरपाशी जाऊन सगळ्या इमारतीची वीज बंद कर, आणि कोपऱ्यावरून बंबाला फोन लाव." दार तोडायलाच हवं होतं, पण ती उठून दिवा लावायच्या आत. मग माझ्या माळ्यावरचं मुसळ काढलं. सोसायटीत कुणाचं लग्न निघालं की मुहूर्ताला तेच नेतात, आणि एरवी सून विचारते, टाकून का देत नाही. त्याच्या एका टोकाला लोखंडी कडं असतं. मी ते टोक आमच्याकडे ठेवलं आणि नुसतं लाकडाचं टोक दाराकडे. पुढे मास्तर, मध्ये हेडक्लार्क, मागे मी.

"एक, दोन, तीन!"

पहिला घाव भिंतीवर बसला.

"मास्तर, दार डावीकडे आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"तुम्ही ढकलताय तिरपं!"

"भांडा नंतर," मी म्हटलं.

पाचव्या घावाला कडी उखडली. पण तोवर ती उठली होती.

दार पडल्याचा हादरा तिच्या पायांना कळला. ती वळली. काडी पेटीच्या कडेला टेकलेली. मी एका हाताने मुसळाचं कडं धरून दुसरा हात नको नको म्हणून हलवला, हेडक्लार्क ओरडले, आणि ती आमच्याकडे बघत राहिली. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी मुसळ सोडलं, ताठ उभे राहिले आणि तळहात वर केला.

तिने काडेपेटी खाली ठेवली. काडी ठेवली. टाचा जुळवल्या आणि हात मांडीला लावून सावधान उभी राहिली.

मी जाऊन काडेपेटी पदरात बांधली. मास्तरांनी शेगडी आणि रेग्युलेटर बंद केला. हेडक्लार्कांनी नातीला उचललं, जाता जाता म्हणाले, "पंखा लावू का, हवा जाईल?" वीज बंद झाली की नाही ते अजून कळलं नव्हतं. त्यांना मी काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. खिडक्या उघडल्या. जिन्यात म्हातारीने विचारलं, "दार काहून तोडलं बापा?"

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, ज्येष्ठांनी दिवसा गॅस वापरू नये आणि घोळक्याने जमू नये. तिचा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आईला गावी पाठवतो."

मी उभी राहिले. "आपण सगळे आठला जाता. मागे इमारत कोण सांभाळतं? गॅसवाला, कुरिअर, आजारी पोरं, उतू गेलेलं दूध. परवा जमलो होतो म्हणून वास आला. वेगवेगळे बसलो असतो तर आज ही मीटिंग शोकसभा असती. हिला पाठवायचं असेल तर मागे राहणारं दुसरं माणूस आधी आणून ठेवा."

कोणी आणलं नाही. नोटीस लागली, ती मी दिवसाढवळ्या काढली. मीटिंगमध्येच म्हातारीने मुलाचा चेहरा वाचला असावा, ती मोठ्याने म्हणाली, "मी नाई जात. उद्या चार वाजता सिरियल हाय माही."

गॅसच्या त्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण होतो. म्हातारी, नात, मास्तर, हेडक्लार्क आणि मी. पाचही जगलो.