सासूबाई आणि दोन माणसांची मोटार

नांदुऱ्याला आमचं धान्याचं दुकान होतं आणि गावाबाहेर थोडी शेती. महाराष्ट्र राज्य नवीनच झालं होतं, आणि मीही त्या घरात नवीनच सून होते. एका सकाळी यजमान दुकान सोडून घरी आले आणि मला कापसाच्या जिनिंग कारखान्यावर घेऊन गेले. तिथे आवारात, सरकीच्या ढिगाशेजारी ती उभी होती. लाल, बुटकी, वर टप नाही, दोनच माणसं बसतील अशी मोटार. जिनिंगचे मॅनेजर नोकरी सोडून निघाले होते आणि ही शर्यतीच्या जातीची विलायती गाडी त्यांना विकायची होती. माझ्या माहेरी कुणी नवी बैलगाडी केली तरी लोक बघायला यायचे. मी तिच्या बॉनेटवर हात ठेवला. पत्रा उन्हानं तापला होता, तरी हात काढवेना.

घरी येऊन यांनी ती घ्यायचा विषय काढला. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शांतपणे ऐकून घेतलं. यांचं म्हणणं असं की साधी नवी मोटार नोंदवली तरी वर्षानुवर्षं नंबर लागत नाही, आणि अशी गाडी तर या भागात पुन्हा येणार नाही. मामाजींनाही ते पटत होतं. पण घर माणसांनी भरलेलं, त्यातल्या कोणत्या दोघांना बसवायचं? शेताकडची वाट काळ्या मातीची. आधी सडक होऊ दे, मग चार दारांची पाहू. "थांब अजून," एवढं म्हणून ते जेवायला बसले.

मॅनेजर दिलदार माणूस. एक दिवस चालवून तर पाहा, म्हणून त्यांनी गाडी दिली. ती दाराशी आली तशी सारी गल्ली जमली. मला वाटलं, पहिला मान माझाच. तेवढ्यात सासूबाई कणकेचे हात धुऊन बाहेर आल्या. मामाजींसमोर कधी मोठ्यानं न बोलणारी ती बाई लेकाला म्हणाली, "मले बसव." लुगडं सावरत त्या आत उतरल्या, आणि गाडी खामगावच्या सडकेला लागली.

बऱ्याच वेळानं परत आल्या, तेव्हा डोक्यावरचा पदर खांद्यावर होता, केस सुटले होते, डोळे वाहत होते. गाडी थांबली तरी त्या उतरेनात. मामाजी ओसरीवरून उठून जवळ गेले, काय झालं म्हणून विचारलं.

"काही नाई झालं," त्या म्हणाल्या. "याच सडकेनं मी लगन होऊन आली. बैलगाडीले पडदा होता, काही दिसलं नाई. आज पाह्यलं. केवढं आभाळ हाय हो इथं."

मग म्हणाल्या, "एवढी वर्सं थांबूनच राह्यलो ना आपण? घ्या आता."

संध्याकाळी टोपी घालून मामाजी स्वतःच जिनिंगवर गेले आणि सौदा करून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नंबर लागला. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटली होती. सडकेच्या कडेला चालणारी माणसं दिसायच्या आत मागे पडत होती, आणि समोरचं सगळं रान आमच्याकडे चालून आल्यासारखं वाटत होतं. मी यांना म्हटलं, जरा हळू. आणि यांनी वेग कमी केला तेव्हा मलाच करमेना.

काही पावसाळ्यांनंतर गाडीचा एक भाग तुटला. तो मुंबईतही मिळाला नाही, म्हणून ती विकावी लागली. पुढे शेताकडची सडक झाली, चार दारांची गाडीही आली. तिच्यात आम्ही सगळे मावायचो. सासूबाई मात्र काच पूर्ण खाली केल्याशिवाय तिच्यात बसत नसत.