दिगंबरनं परत लावलेली अवतरणचिन्हं

फोन सुमनचा होता, पण आवाज तिचा वाटत नव्हता. "अक्का, हे गेले..." एवढंच बोलली आणि मग पलीकडून नुसती घरातली गडबड ऐकू येत राहिली. दिगंबर म्हणजे सुमनचा नवरा, माझा मावसभाऊ. सकाळी आंघोळीला पाणी काढलं, छातीत दुखतंय म्हणाला, आणि रिक्षा दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. आदल्याच आठवड्यात माझ्याकडं येऊन भरलेली वांगी खाऊन गेला होता. जिन्यात उभं राहून "अक्का, पुढच्या खेपेला तिखट जरा बेतानं," असं वर मलाच सुनावून गेला. तो गेला त्याला आता दीड महिना होत आला. जमेल तसं लिहिते आहे.

दिगंबर पुस्तकांची अक्षरजुळणी करायचा. त्याचे वडील म्हणजे माझ्या मावशीचे यजमान फर्दापूरकडं शेती करत. घरचं रान सोडून हा शहरात बीए करायला आला, मराठीत पहिला वर्ग मिळवला, आणि नोकरीच्या अर्जांपेक्षा छापलेल्या पानांकडंच जास्त बघत बसला. पुढं शहरातच औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, संगणक घेऊन त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. मजकूर टाइप करायची सुमन आणि पान लावायचा हा. लग्नात जेवायला बसला तरी पत्रिका हातात घेऊन दोन शब्दांत जागा किती सुटली आहे ते बघणार, आणि यजमानांना ते सांगणारही! माणसं कंटाळायची. पण पुस्तक काढायचं ठरलं की तीच माणसं त्याचा जिना चढायची, कारण त्यानं लावलेलं पान वाचताना डोळे थकत नसत.

मी खुलताबादजवळच्या एका गावात शाळेत शिकवत होते. निवृत्त झाल्यावर त्या गावातल्या मेंढपाळ बायकांच्या आठवणी गोळा करून एक पुस्तक लिहिलं. त्यात एका जुन्या अहवालातला उतारा घेतला होता. या बायकांविषयी त्यात फार हीन भाषा होती. ती खोडून काढण्यासाठीच तर मी सगळं प्रकरण लिहिलं होतं. माझ्या हस्तलिखितात उताऱ्याला अवतरणचिन्हं होती. दिगंबरनं पाठवलेल्या प्रुफांत ती दिसेनात. मी विचारलं तर म्हणाला, "अक्का, मजकूर दोन्हीकडून आत घेतलाय, अक्षर बारीक केलंय. वाचणाराला कळतंच की हे दुसऱ्याचं आहे. वर आणखी चिन्हं लावायची म्हंजी रेनकोट घालून छत्री धरल्यागत दिसंल." मला पटलं. चांगल्या पुस्तकांत असंच असतं, हे मीही पाहिलं होतं.

पुस्तक निघालं, चार लोकांनी बरं म्हटलं. मग एका दुपारी गावातून किसनचा फोन आला. किसन माझा जुना विद्यार्थी, आता शहरात नोकरीला येऊन-जाऊन असतो. "बाई, तुम्ही आमच्या आयाबायांबद्दल असं लिव्हलं?" मला काही कळेना. त्यानं गावाच्या ग्रुपवर फिरत असलेला फोटो पाठवला. माझ्या पुस्तकाच्या पानाचा फोटो, पण कुणीतरी चारी बाजूंनी कापून फक्त त्या उताऱ्याचा मधला परिच्छेद ठेवलेला. वर पुस्तकाचं नाव आणि माझं नाव. त्या चौकटीत समास उरलाच नव्हता. मजकूर आत घेतलाय हे कळायला शेजारी बाहेरचा मजकूर दिसावा लागतो, तोच नव्हता. अहवालातली ती घाण सरळ माझ्या तोंडची वाटत होती. ज्या बायकांनी मला चुलीपुढं बसवून भाकरी वाढली, आपल्या सासरच्या, बाळंतपणांच्या, उन्हातान्हातल्या वाटांच्या गोष्टी सांगितल्या, त्या बायकांबद्दल हे असलं.

दिगंबरला फोन केला. फोटो मी पाठवला, तो त्यानं उघडून बघितला. मग म्हणाला, "चूक माझीय अक्का. उद्या सकाळी तयार राहा, गावात जाऊ."

"अरे, नियमानं तू बरोबरच केलंस."

"नियम कागदासाठी होता. लोक आता कागद नाय वाचत, कागदाचा फोटो वाचतात. ते माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या स्कूटरवर मागं बसून मी घाट चढले. शाळेच्या ओसरीवर माणसं जमली होती, बायका एका बाजूला. मला "या बाई" असं कुणी म्हटलं नाही. मी बोलायला उठणार तेवढ्यात दिगंबरच पुढं झाला. गावाला तो पूर्ण अनोळखी. म्हणाला, "हे पान मी लावलंय. बाईंनी दुसऱ्याच्या बोलण्याला खुणा केल्या होत्या, त्या मी काढल्या. रागवायचं तर माझ्यावर रागवा." मग त्यानं पुस्तक उघडलं आणि ते सगळं प्रकरण पहिल्यापासून वाचून दाखवलं. अहवालातला उतारा आला तेव्हा थांबून सांगितलं, हे अमक्या साहेबाचं. तो संपल्यावर पुन्हा थांबून सांगितलं, इथून पुढं बाई बोलतात. माझी पुढची पानं ऐकताना काही बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, मान हलवली. पण एक पोरगा उसळून म्हणाला, "आता वाचून काय उपेग? फोटो तर कुठल्या कुठं गेला. आमच्या पाव्हण्यांनी बघितला."

दिगंबरनं पुस्तक मिटलं. "व्हय," तो म्हणाला. "तो परत आणता येत नाय मला." सबब सांगितली नाही, समजूत घातली नाही. ओसरीवरचा ताण तिथंच जरा सैल झाला असं मला वाटतं.

मग धोंडाबाई बोलली. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण तिचं. ती म्हणाली, "दाव बरं, कशा असत्यात तुझ्या त्या खुणा." दिगंबर तिच्यापुढं उकिडवा बसला, खिशातलं पेन काढलं आणि पुस्तकातल्या उताऱ्याला पुढं-मागं अवतरणचिन्हं काढून दाखवली. धोंडाबाईनं पान डोळ्यांजवळ धरलं. "ही तर शिंगं हायेत की रं! मग लाव की समद्या परक्याच्या बोलण्याला. लांबूनच कळंल, हे आपलं कोकरू न्हाय." बायका हसल्या. दिगंबर तर एवढ्या मोठ्यानं हसला की ओसरीवरची पोरं दचकली. किसननं तिथल्या तिथं त्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, बाईंचे शब्द पुढच्या पानावर आहेत, ते वाचा.

सगळं निवळलं असं मात्र नाही. दोन घरं माझ्याशी अजून बोलत नाहीत.

दिगंबरनं पुस्तकाच्या उरलेल्या सगळ्या प्रती माझ्याकडून उचलून नेल्या. काळं पेन घेऊन प्रत्येक प्रतीत त्या उताऱ्याला हातानं चिन्हं काढली, तीही प्रत्येक परिच्छेदाच्या आधी आणि शेवटी, म्हणजे कुणी कुठूनही कापलं तरी एक तरी खूण सोबत जावी. छापील अक्षराच्या जाडीशी इतकी जुळवून काढली की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. सुमन म्हणाली, मी करते थोड्या. तर म्हणाला, "नगं, ह्या माझ्याच हातच्या पायजेत."

पुढं त्यानं तीच रीत ठेवली. आत घेतलेल्या प्रत्येक उताऱ्याला चिन्हं. एका प्रकाशकानं प्रुफं परत पाठवली, आमच्याकडं असला अडाणीपणा चालत नाही म्हणून. दिगंबरनं त्यांना सगळी हकिकत समजावून सांगितली. तरी ऐकेनात, तेव्हा तयार पानं त्यांच्या हवाली करून म्हणाला, "काढायची तर तुम्ही काढा, माझ्या हातानं होणार नाय." ते पुन्हा आले नाहीत. मी हळहळले, तर हा म्हणतो, "माणसाच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं जाऊ नये, एवढंच तर आपलं काम, अक्का. बाकी नुसती सजावट." एरवी सभेत कधी न उठणारा माझा हा भाऊ तेवढ्यापुरता कसा ताठ उभा राहायचा, ते आठवलं की आजही अभिमान वाटतो.

त्याच्याकडं एक संशोधनाचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. ते सुमन पुरं करते आहे. परवा तिला भेटायला म्हणून औरंगपुऱ्यात गेले. जिना चढताना वरून वाचण्याचा आवाज आला. दिगंबर प्रुफं कधी मनात वाचत नसे, मोठ्यानं वाचायचा, आणि दुसऱ्याचा उतारा आला की आवाज खाली आणून, जरा सावकाश वाचायचा, जणू तो माणूस समोर बसून ऐकतो आहे. आता ते सुमन वाचत होती. मधेच ती थांबली. मग तिचा आवाज खाली आला, सावकाश झाला... मी कठड्याला धरून तिथंच पायरीवर उभी राहिले. उतारा संपेपर्यंत वर जावंसं वाटलं नाही.