मायक्रॉनने स्टँड निवडला

दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढ्यासाठी त्याला अठरा वर्षं नियमित पगार मिळत होता. औषधांचा कारखाना असो, धान्याचं गोदाम असो की दागिन्यांचं दुकान, तिथले वजनकाटे खरं बोलतात की नाही हे तपासायचं आणि दाखला द्यायचा, ही त्याची नोकरी. कार्यालयात सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. केसापेक्षा बारीक फरकावरून तो तासभर हुज्जत घालू शकत असे, म्हणून. टिंगल म्हणून दिलेलं ते नाव तो पदवीसारखं मिरवत असे.

आठवड्याचे पाच दिवस फिरती. हातात प्रमाण वजनांची पेटी, खांद्यावर लॅपटॉप. वजनांची बडदास्त अगदी जावयासारखी: प्रत्येकाला मखमलीचा वेगळा खण, उचलायला पांढरे हातमोजे, कारण बोटाचं तेल लागलं तरी वजन वाढतं. स्वतःच्या शरीराबाबत मात्र इतका काटेकोरपणा नव्हता. काम झालं की पोत्यावर, खोक्यावर, बसमध्ये मांडीवर, लॉजच्या पलंगावर, जिथे टेकेल तिथे लॅपटॉप टेकवायचा आणि मान मोडून दाखला टाइप करायचा. साहेब त्याच्या वार्षिक अहवालात दरवर्षी लिहीत, 'मान खाली घालून काम करतात.' ही स्तुती आहे, असंच दोघांनाही वाटत होतं.

मग एक दिवस औषधांच्या कारखान्यात दोन किलोचं वजन त्याच्या डाव्या हातातून सटकलं आणि फरशीवर आपटलं. शेवटची दोन बोटं बधिर झाली होती. ती कधीपासून तशी होती, हे त्यालाही सांगता येईना. इतरांच्या काट्यातली चूक तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत सांगणाऱ्या माणसाला स्वतःची दोन बोटं कधी गेली ते कळलं नव्हतं. पडलेल्या वजनावर कुणी विश्वास ठेवत नाही, ते पुन्हा तपासायला पाठवतात. साहेबांनी दोघांनाही पाठवलं. वजन प्रयोगशाळेत गेलं, मायक्रॉन कंपनीच्या डॉक्टरबाईंकडे.

"मानेतली नस दबलीय," बाई म्हणाल्या. "प्रवासात लॅपटॉप कसा वापरता?"

त्याने बसून दाखवलं.

"अरे देवा. आधी एक स्टँड घ्या, घडीचा, बॅगेत मावेल असा. स्क्रीन डोळ्यांसमोर आली पाहिजे. व्यायाम लिहून देते. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासते. बोटं सुधारली नाहीत तर फिरती बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. ऑफिसात बसायचं."

ऑफिसात बसायचं म्हणजे वरच्या मजल्यावर, हेडक्लार्कशेजारी. हेडक्लार्क प्रत्येक दाखला फाइलला लावण्याआधी तारखेपासून सहीपर्यंत मोठ्याने वाचत, आणि मग तो बरोबर होता म्हणून स्वतःशीच 'वा' म्हणत. शेजारच्या खुर्चीत आजवर तीन माणसं बसली होती. तिघांनीही बदली मागून घेतली होती. त्या खुर्चीच्या नुसत्या विचाराने मायक्रॉनची मान आणखी आखडली.

आता, साधा माणूस असता तर परतीच्या वाटेवर दुकानात शिरला असता, स्टँड घेऊन घरी आला असता आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला असता. पण साध्या माणसाला कुणी मायक्रॉन म्हणत नाही. घरी आल्या आल्या त्याने तक्ता करायला घेतला. बाजारात मिळणारे चौदा स्टँड, प्रत्येकाचे तेवीस गुण. वजन, घडीची जाडी, उंचीचे टप्पे, बिजागऱ्यांची संख्या, रबराच्या पट्ट्यांची लांबी, डळमळ. विकत घेणाऱ्यांनी लिहिलेली मतंही त्याने वाचली. 'मस्त आहे' आणि 'बकवास आहे' या मतांना एकक नसल्यामुळे ती बाद केली.

बायको घरच्याच पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. गिऱ्हाइकाचं माप वहीत टिपता टिपता ती अधूनमधून आत डोकावे. फिरतीवरून घरी आलेला नवरा पलंगावर मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून, हनुवटी छातीला लावून तक्ता भरत असे.

"अहो, मान!"

"मानेसाठीच चाललंय."

"मानेसाठी मान मोडून?"

"हे तात्पुरतं आहे गं. एकदा योग्य स्टँड ठरला की..."

"तुमच्याशी लग्न ठरवताना माझ्या घरच्यांनी चार दिवस घेतले. तिसरा आठवडा लागलाय या पत्र्याला."

"म्हणून तर," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "नीट चौकशी करायची असते." वाक्य तोंडातून गेल्यावर त्याने मान वर केली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच.

बाविसाव्या दिवशी तो दुकानात पोचला. सोबत त्याचा छोटा काटा, दोन किलोचं दुसरं वजन, हातमोजे आणि वस्तू जागची किती हलली ते दाखवणारा डायल गेज. दुकानदाराला आधी वाटलं, सरकारी धाड पडली. त्याने घाईघाईने ड्रॉवर बंद केला.

"स्टँड बघायचेत," मायक्रॉन म्हणाला.

पहिला स्टँड काट्यावर चढला. "खोक्यावर दोनशे साठ ग्रॅम लिहिलंय. हा दोनशे चौऱ्याहत्तर भरतोय. हे चौदा ग्रॅम कुठून आले?"

"आम्ही नाही घातले साहेब."

"लॅपटॉपच्या तळाला चिकटवायचा आहे का एखादा?"

"हा घ्या. कागदासारखा पातळ. लॅपटॉपलाच चिकटून राहतो, पाठ जराशी उचलतो."

"जराशी म्हणजे किती?"

दुकानदाराने अंगठा आणि तर्जनी यांच्यात हवा दाखवली. मायक्रॉनने त्या हवेकडे दयेने पाहिलं आणि खिशातून मापायचा व्हर्निअर काढला. साडेसहा सेंटीमीटर. स्क्रीन डोळ्यांपर्यंत येणार नाही. बाद. दुसरा कात्रीसारखा उघडणारा. वजन ठेवल्यावर डावा पाय अर्धा मिलिमीटर खाली बसला. बाद. तासाभरात काउंटरवर स्टँडचा ढीग झाला आणि दोन गिऱ्हाइकं दारातून परत गेली. शेवटी अकराव्या क्रमांकाचा स्टँड, उंच, दुहेरी बिजागरीचा, घडी केली की वहीएवढा, कसोटीला उतरला. दोन किलोचं वजन वर ठेवलं, बाजूने टिचकी मारली, गेजचा काटा थरथरला आणि तत्काळ जागेवर आला. मायक्रॉनचा चेहरा उजळला.

"हाच द्या."

"आणि कीबोर्ड, माउस? यासोबत लोक वेगळे नेतात."

मायक्रॉनला डाव लगेच कळला. एक वस्तू घ्यायला आलेल्या माणसाच्या गळ्यात तीन मारायच्या, हे त्याला नवीन नव्हतं. "लॅपटॉपला कीबोर्ड आलेला असतो," तो गोडीत म्हणाला.

"बरं," दुकानदार म्हणाला. त्याला दुकान उघडं ठेवायचं होतं.

पुढचे दोन आठवडे मायक्रॉन स्टँडसह फिरतीवर होता. गोदामात, कारखान्यात, प्रतीक्षालयात तो झोकात स्टँड उघडी, वर लॅपटॉप ठेवी, स्क्रीन बरोबर डोळ्यांच्या रेषेत आणी आणि दोन्ही हात खांद्याच्या उंचीला उचलून टाइप करू लागे. लांबून पाहणाऱ्याला वाटे, हा माणूस कुणाला तरी शरण चालला आहे. गोदामातल्या हमालांनी पहिल्या दिवशी गोल करून पाहिलं.

"साहेब, वर काय बांधताय?" एकाने विचारलं.

"हे शास्त्रशुद्ध आहे," मायक्रॉन म्हणाला. त्याचे खांदे कानांना लागले होते, त्यामुळे उत्तर जरा दबूनच आलं.

चौथ्या दिवशी खांदे दुखायला लागले. सवय व्हायला वेळ लागतो, असं त्याने ठरवलं. सातव्या दिवसापासून तो दुखण्याला शून्य ते दहा गुण देऊ लागला. नवव्या दिवशी त्याला शंका आली की पूर्ण अंकांत दुखणं मोजणं फार ढोबळ आहे. त्या दिवसापासून नोंदी सहा पूर्णांक चार, सहा पूर्णांक सात अशा होऊ लागल्या. नोंदी चढत होत्या. त्याचा निष्कर्ष एवढाच, की नोंदी व्यवस्थित होत आहेत.

सदोतिसाव्या दिवशी, तपासणीला पाच दिवस उरलेले असताना, तो घरी आला. बायकोने धुवायला टाकलेला त्याचा शर्ट उचलला, उलटा केला, आणि तिचा चेहरा बदलला.

"हे काय?"

"काय?"

"बगलेत उसवलाय. दोन्हीकडे. परवाचाही तसाच होता." तिचा आवाज चढला. "माझी शिवण आहे ही! बाहीची शिवण आजवर एकाची उसवली नाही. गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणेल? काखेत कळसा ऐकलं होतं, काखेत भोक पहिल्यांदाच बघतेय. करता काय तुम्ही? झाडावर चढता?"

"टाइप करतो."

"दाखवा."

त्याने स्टँड उघडला, लॅपटॉप ठेवला, हात उचलले. बायकोने हातातला शर्ट बाजूला ठेवला. मोठं काही बोलायचं असलं तरच ती हातातलं काम असं सोडायची.

"तसेच बसा. हलू नका." तिने गळ्यातली टेप काढली. "हात सोडा. कोपर काटकोनात. हं." टेपचं एक टोक त्याच्या कोपराशी, दुसरं डोळ्यांशी. "एकोणीस इंच."

"अठ्ठेचाळीस पूर्णांक सव्वीस सेंटीमीटर."

"तुमचे डोळे वर, हात खाली, मध्ये एकोणीस इंच. आणि स्क्रीन नि टाइप करायची पाटी एकमेकांना जोडलेली. स्क्रीन डोळ्यांशी नेली की पाटी वर जाणार. पाटी हाताशी आणली की मान खाली जाणार. एवढं कळत नाही? दुकानात बसून बघितलंत का यावर?"

"पूर्ण चाचणी घेतली. दोन किलोचं प्रमाण वजन ठेवून."

"वजन टाइप करतं का?"

त्याने स्टँडवरून लॅपटॉप उतरवला.

"मी कापडाचं माप घेऊन शर्ट शिवते का हो? माणसाचं घेते."

तेवीस रकाने होते तक्त्यात. स्टँडच्या बिजागरीच्या खिळ्याचा व्यास होता. ज्याच्यासाठी स्टँड घ्यायचा, त्याच्याबद्दल एकही रकाना नव्हता. मायक्रॉन उठला, चपला घातल्या आणि दुकानात गेला. दुकानदाराने त्याला पाहिलं, काही न बोलता खालच्या फळीवरून कीबोर्ड आणि माउस काढून काउंटरवर ठेवले. खोक्यावरचं वजन मायक्रॉनने वाचलं. पडताळून पाहिलं नाही.

पाच दिवस तो नीट बसला. स्क्रीन वर, कीबोर्ड खाली, कोपरं अंगाशी. खांदे दुसऱ्याच दिवशी कानांपासून खाली आले, मानेची कळ ओसरली. बोटं मात्र मान आणि खांद्यांसारखी भोळी नव्हती. त्यांना सहा आठवड्यांची भरपाई पाच दिवसांत पटणार नव्हती.

तपासणीला डॉक्टरबाईंनी कंपाससारखं दोन टोकांचं साधन काढलं. "डोळे मिटा. बोटाला एक टोक लागलं की 'एक' म्हणा, दोन लागली की 'दोन'."

उजवा हात सरळ पार पडला. डाव्याचं मधलं बोटही. करंगळीवर आल्यावर त्याला नुसतं काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. पण तोवर त्याच्या लक्षात आलं होतं की बाई घाईत आहेत. बाहेर रांग होती. त्या एक, दोन, एक, दोन असाच क्रम लावत होत्या. मागचं एक होतं. म्हणजे हे दोन. पुढचं एक. डोळे मिटूनही उत्तरं समोर लिहिल्यासारखी दिसत होती. सहा वेळा बरोबर म्हणायचं, सोमवारी बस पकडायची. हेडक्लार्कचा 'वा' आयुष्यात कधीच शेजारून ऐकावा लागणार नाही.

"सांगा," बाई म्हणाल्या.

त्याच्यासमोर अठरा वर्षांत कित्येक दुकानदारांनी काट्याखाली कागदाची घडी सरकवली होती. "एवढं काय त्यात, साहेब," ते म्हणत. तो घडी काढून घ्यायचा.

"क्रमावरून दोन असणार," तो म्हणाला. "बोटाला कळलेलं नाही. तुमची चाचणी सदोष आहे, बाई. क्रम बदलायला हवा."

बाईंनी क्रम बदलला. करंगळीने सहापैकी दोन उत्तरं बरोबर दिली, तीही नशिबाने.

"सहा आठवडे काय केलंत?"

"तीन आठवडे स्टँड निवडला. दोन आठवडे चुकीचा वापरला. पाच दिवस बरोबर."

"स्टँड निवडायला तीन आठवडे?"

"चौदा होते."

बाईंनी कागद ओढला आणि लिहिलं: फिरती दोन महिने बंद. नंतर फेरतपासणी. "पाच दिवसांत खांदे सुटलेत, म्हणजे बोटंही येतील," त्या म्हणाल्या. "पण वजनं उचलून नाही. आणि खोटं बोलला असतात तर पुढचं वजन पायावर पडलं असतं."

संध्याकाळी त्याने कागद बायकोसमोर ठेवला. ती एका कॉलरवर वाकली होती. तिने वाचलं, मशीन थांबवलं.

"म्हणजे रोज घरी?"

"सहाला."

"रोज?"

"शनिवारी दोनला."

ती हिशेब करत असावी. लग्नानंतर आजवर आठवड्याचे पाच दिवस हे घर, हा रेडिओ आणि हे संध्याकाळचं टेबल तिचं एकटीचं होतं. तिने दुसऱ्या खुर्चीवरचा कापडांचा गठ्ठा उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि कपाटावर टाकला.

"बसा. पण रेडिओ बंद करायला सांगायचं नाही. आणि माझ्या कामात चुका काढायच्या नाहीत."

तो बसला. तिच्या वाकलेल्या मानेकडे पाहत त्याने तोंड उघडलं.

"अगं, तुझं मशीनही जरा..."

"अहो!"

"नाही," तो म्हणाला, "तुझं माप घेऊ का, एवढंच विचारत होतो."

तिने मशीनचं चाक फिरवायला हात लावला होता. हात तिथेच राहिला. मग गळ्यातली टेप काढून तिने त्याच्यापुढे धरली.

"इंचात सांगायचं," ती म्हणाली. "आणि पूर्ण आकड्यात."