भिंतीमागची काळी माती

तुम्ही विचारता, आजोबा सरकारी नोकरीत नक्की काय बांधत. धरणं नाही, मुलांनो. ते भिंती बांधत. त्यातली एक माझ्या वर्गाच्या मागे होती.

संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मी मुलींना शिकवत होते. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि जो तो काहीतरी उभारण्याच्या गडबडीत होता. शाळा टेकडीच्या उतारावर. वरची दरड खोलीवर येऊ नये म्हणून सिमेंट-लोखंडाची भिंत मंजूर झाली. आजोबांनी नकाशा काढला: पाया टेकडीच्या पोटात शिरलेला, उभ्या सळया मातीच्या बाजूला, पाणी निघायला भोकं. भिंत सरकारची, मागची भर गावाच्या श्रमदानाची. भर मुरमाची आणि दगडगोट्यांची हवी, हे ते बजावून गेले होते.

श्रमदानाच्या दिवशी बैलगाड्या वाजतगाजत आल्या, त्या शेतातल्या काळ्याभोर मातीने भरून. पुढे नारळ घेऊन शाळासमितीचे अध्यक्ष, गावातले सर्वांत मोठे शेतकरी.

“ही माती पाणी पिऊन फुगेल, भिंतीला ढकलेल,” आजोबा म्हणाले. “मुरूम कुठे आहे?”

“मुरूम रस्त्यावर टाकतेत, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “ शाळेले दान म्हनून मुरूम देऊ काय? लोकं हसतीन आमाले.”

“हसू द्या.”

“येवढं लोखंड घातलं तुमी, अन् मातीले भेते काय तुमची भिंत?”

टाळ्या पडल्या, आणि गाड्या भिंतीमागे रिकाम्या झाल्या. शास्त्राचा निकाल टाळ्यांनी लागताना मी पुढेही अनेकदा पाहिला, पण इतक्या कसदार मातीत नाही.

श्रावणात भोकं चिखलाने बुजली आणि भिंत खोलीकडे झुकली. आजोबांनी ओळंब्याची दोरी सोडून कल दाखवला. अध्यक्ष म्हणाले, “काही नाही, सरस्वतीले नमस्कार करून राह्यली.”

त्या नमस्काराखाली माझ्या मुली बसत होत्या. मी त्यांची रांग लावली आणि वर्ग थेट अध्यक्षांच्या ओसरीवर नेला. “माती निघेपर्यंत इथेच बसू,” म्हटलं. गाव बघत होतं. दानशूर माणसाला नाही म्हणता येईना. पहिल्या दिवशी त्यांनी गूळ-शेंगदाणे वाटले. पुढे पाढ्यांच्या आवाजात त्यांना स्वतःच्याच घरात कोणाशी बोलता येईना, तरी ते हटले नाहीत.

मग एके सकाळी मी भूगोलाचा प्रश्न विचारला. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. उत्तर माजघरातून आलं, अध्यक्षांच्या धाकट्या सुनेचं, आणि अगदी बरोबर. दुसऱ्या दिवशी तर ती सासऱ्यांच्या देखत, मुलींच्या आधीच बोलू लागली.

त्याच संध्याकाळी भिंतीमागे गाड्या लागल्या. माती परत शेतात गेली, मुरूम आला; वाजंत्री नव्हती. भिंत सरळ झाली नाही, पण होती तिथे थांबली. ओळंबा रोज पाहून, खात्री पटल्यावरच आजोबांनी मला वर्ग परत न्यायला सांगितलं.

निघताना सून दारापर्यंत आली. “बाई, आता नाही येनार काय तुमी?”

अध्यक्षांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “आता तिथे भीती नाही. तूच ये.”

बराच वेळ पान काही उलटलं नाही.